डावखुरी

द्वारकेला सिग्नल सुटला की पहिली मीच निघते
आणि पहिली मीच तिरपी होते.
सात सीटची व्हॅन, दिंडोरीच्या एका बागाइतदाराकडून घेतलेली.
"एकहाती चाललीय," तो म्हणाला होता.
कुठल्या हाताने, ते आम्ही विचारलं नाही.

घेतली ती सरकत्या दारासाठी.
दार सरकलं की सासूबाई चाकाच्या खुर्चीतून
अर्ध्या मिनिटात सीटवर.
मंगळवार, शुक्रवार डायलिसिस,
पाथर्डी फाट्यापासून मुंबई नाक्यापर्यंत.
तेवढं अंतर मी स्टिअरिंग
हट्टी वासराच्या दाव्यासारखं धरून असते.
जरा सैल सोडलं
की गाडी फुटपाथचा वास घेत जाते.

वडाळा नाक्यावर सादिक कोकणीचं गॅरेज.
पहिल्यांदा म्हणाला, हवा कमी आहे.
मग अलाइनमेंट: कंप्युटरवर सगळे आकडे हिरवे,
आणि गेटाबाहेर पडताच गाडी डावीकडे.
मग टाय रॉड एंड. मग बुश.
मग बॉल जॉइंट, तो त्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला
आणि हलवून दाखवला,
हलत्या दाढेसारखा.
मी तो पर्समध्येच विसरले,
महिनाभर रुमालाला ग्रीस.
मग पंप. मग तेल, लालसर,
जे पार्किंगच्या फरशीवर रोज रात्री
कुठल्यातरी देशाचा नकाशा काढायचं.
शिरीष खर्च लिहायचा कॅलेंडरच्या पाठीमागे,
दुधाच्या खाली, गॅसच्या वर.
बेरीज मात्र केली नाही.
केली असती तर गाडी विकावी लागली असती.

थंडीत ती वळताना कण्हायची.
पेपरात निफाडचा पारा पाचावर आला
त्या सकाळी तर दोन्ही खांदे लावून वळवली,
तोंडातून शिवी गेली.
मागून सासूबाई:
"ओरडू नको गं तिला. डावखुरी आहे ती.
माझाही डावा हात गुरुजींनी
सुतळीने बाकाला बांधला होता. चौथीत."
मला हे बावीस वर्षांत माहीत नव्हतं.
डॉक्टरांनी विचारलेलं, लिहिता कुठल्या हाताने?
उजव्या, त्या म्हणाल्या. खरंच होतं.
म्हणून सुईसाठी डावा घेतला.
आता त्या हाताने काही उचलायचं नाही,
त्यावर डोकं ठेवून झोपायचंही नाही.

फेब्रुवारीत सादिकने गाडी रॅम्पवर चढवली,
टॉर्च मारला, आणि बराच वेळ बोललाच नाही.
"मॅडम, इथे वेल्डिंग आहे."
पुढची चौकट कधीतरी ठोकरलेली,
दोन बोटं सरकवून डागलेली, वर काळा रंग.
मागच्या सीटखाली द्राक्षाची फोमची जाळी निघाली
आणि एक वाळका देठ.
मी दिंडोरीला फोन लावला.
"गाडी सरळच होती ताई," तो म्हणाला,
"तुमच्या नाशकातले रस्तेच तसे."
शिरीष हसला. मला हसू आलं नाही.

अंबडला साखळ्या लावून तीन दिवस ताणली तिला.
भंगारातून रॅक आणला, बसवला.
सादिक म्हणाला, घेऊन जा, एक चक्कर मारून या.
त्र्यंबक रोड, पपया नर्सरीच्या पुढे, रिकामा दुपारचा रस्ता,
आणि मी थेट डिव्हायडरवर निघालेली.
गाडी सरळ होती.
माझेच हात उजवीकडे खेचत होते,
दीड वर्षाची सवय मनगटात घट्ट बसलेली.
बाजूला थांबवली. तळव्यांकडे पाहिलं.
डाव्या अंगठ्याखाली घट्टा.

मंगळवारी सासूबाईंना बसवलं, दार सरकवलं.
उड्डाणपुलावर तीन आकडे मोजेपर्यंत
हात सोडून पाहिले, एक, दोन,
ती हललीसुद्धा नाही.
मागे जरा वेळ शांत.
मग, "काय गं,
आज कण्हत नाही ती?
बरी आहे ना?"